प्राणहितेकाठचे सिरोंचा : जिल्ह्याच्या ठाण्यापासून सीमेवरच्या उतारापर्यंत

वरोऱ्याच्या पश्चिमेकडून वाहणारी वर्धा नदी चंद्रपूर जिल्ह्याची सीमा आखीत दक्षिणेकडे जाते. चपराळ्याजवळ तिला वैनगंगा मिळते आणि तेथून पुढे या संयुक्त प्रवाहास प्राणहिता हे नाव प्राप्त होते. सुमारे ११३ किलोमीटरचा प्रवास करून प्राणहिता गोदावरीस मिळते. या संगमालगत, प्राणहितेच्या डाव्या तीरावर, सिरोंचा वसलेले आहे. समोर नदीपलीकडे तेलंगणातील काळेश्वर क्षेत्र दिसते. पूर्वेकडे काही कोसांवर इंद्रावती नदी असून तिच्या पलीकडे छत्तीसगडचा बस्तर विभाग सुरू होतो. महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी आग्नेय टोकास असलेला हा तालुका तीन बाजूंनी नद्यांनी आणि परराज्यांनी वेढलेला आहे.

गडचिरोली या जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. या अंतरामुळे सिरोंचाचा उल्लेख बहुधा ‘शेवटचा तालुका’ असा केला जातो. परंतु या गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ते एकेकाळी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते, एका मोठ्या जलमार्गाच्या योजनेतील महत्त्वाचे स्थान होते, आणि पुढे राज्याराज्यांच्या सीमा सरकत गेल्यामुळे ते सीमेवरचा एक दूरस्थ उतार बनले, असे दिसून येते. हा बदल कसा घडला आणि त्याचे परिणाम तेथील लोकजीवनावर काय झाले, याचा अभ्यास शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायतींचे सदस्य या सर्वांनाच उपयुक्त ठरावा.

नावांत दडलेला इतिहास

सिरोंचा परिसराचा पहिला धडा तेथील गावांच्या नावांतून मिळतो. वरोरा, भद्रावती, चिमूर या उत्तरेकडील भागातून दक्षिणेकडे जाऊ लागले की नावांचे रूप बदलत जाते. ‘पल्ली’ आणि ‘पेठा’ या अंत्यपदांची गावे वाढू लागतात. रेपनपल्ली, पोचमपल्ली ही त्यांची उदाहरणे होत. ‘पल्ली’ म्हणजे गाव आणि ‘गुडम’ म्हणजे लहानशी वस्ती अथवा पाडा. इंद्रावतीच्या तीरावरील पातागुडम या गावाचे नाव या दृष्टीने लक्षणीय आहे. तेलुगू भाषेत ‘पात’ म्हणजे जुना. पातागुडम याचा सरळ अर्थ ‘जुनी वस्ती’ असा होतो. अरण्यातील ही जुनी वस्ती आज महाराष्ट्रातून छत्तीसगडात प्रवेश करण्याचे नाके झाली आहे.

या प्रदेशात तेलुगू, गोंडी, माडिया आणि मराठी या भाषा शेजारीशेजारी नांदतात. घरात तेलुगू, बाजारात तेलुगू व गोंडी, आणि शाळेत व कचेरीत मराठी असा व्यवहार अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. येथील तेलुगू भाषक हे बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक आहेत, असा समज दुरून पाहणाऱ्याचा होण्याची शक्यता असते. वस्तुतः भाषेची वस्ती आधीची आणि राज्याची सीमा नंतरची आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच गोतातील कुटुंबे राहतात. मुली दिल्या-घेतल्या जातात. जत्रा व नवस समाईक असतात. नदी ही सीमा म्हणून आखली गेली, तेव्हाही हे संबंध तुटले नाहीत.

भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना हा परिसर आणखी एका कारणाने परिचित आहे. सिरोंचाजवळील कोटा या गावाच्या नावावरून तेथील चुनखडकांच्या थरांना ‘कोटा शैलसमूह’ असे नाव मिळाले. या थरांत प्राचीन माशांचे जीवाश्म सापडले. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील याच शैलसमूहात १९६० च्या सुमारास एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचे अवशेष मिळाले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आणि १९७५ साली ‘बारापासॉरस टागोराय’ असे त्याचे नामकरण केले. तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे.

जिल्ह्याचे ठाणे

१८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निधन पावले आणि त्यांचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले. त्यानंतर चांदा जिल्ह्यात ब्रिटिश अंमल सुरू झाला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव या जमीनदारांनी या अंमलाविरुद्ध शस्त्र उचलले. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी मुक्काम केलेल्या तारखात्याच्या तुकडीवर त्यांनी हल्ला केला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोन युरोपीय कर्मचारी ठार झाले. पुढे बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यास फाशी देण्यात आली. या घटनेमुळे प्राणहितेच्या खोऱ्याकडे ब्रिटिश शासनाचे लक्ष विशेष वेधले गेले.

१८६० मध्ये ब्रिटिश सरकार व हैदराबादचे निजाम यांच्यात तह झाला. १८५७ च्या उठावात निजामाने दिलेल्या साहाय्याच्या मोबदल्यात रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख त्यास परत मिळाला आणि शोरापूरचे संस्थानही देण्यात आले. उलटपक्षी गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके निजामाने ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. या तालुक्यांचा मिळून ‘अपर गोदावरी’ हा नवा जिल्हा तयार झाला. सिरोंचा, नुगूर, आलबाका, चेर्ला, भद्राचलम आणि रेकपल्ली हे त्याचे भाग होते, आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे सिरोंचा हे ठरले. मराठवाड्यातील धाराशिव आणि विदर्भाच्या टोकाचे सिरोंचा या दोन दूरच्या ठिकाणांचे भवितव्य अशा रीतीने एकाच तहात ठरले होते, हे इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देण्यासारखे आहे.

१८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली आणि अपर गोदावरी जिल्हा त्यात आला. डेप्युटी कमिशनर म्हणून काम केलेल्या कॅप्टन ग्लासफर्ड यांनी या जिल्ह्याचा व शेजारच्या बस्तरचा तपशीलवार अहवाल लिहिला. अरण्य, नदी आणि विरळ लोकवस्ती यांनी व्यापलेल्या प्रदेशात कचेऱ्या, पोलीस आणि जमाबंदीची व्यवस्था उभी राहिली. नदीकाठचे एक गाव पाहता पाहता राजकारभाराचे केंद्र झाले.

जलमार्गाची योजना आणि वरोऱ्याची रेल्वे

एवढ्या आडवळणाच्या ठिकाणी जिल्ह्याचे ठाणे असण्यामागे गोदावरीच्या जलमार्गाची योजनाही विचारात घ्यावी लागते. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात दौलेश्वरमचा बंधारा १८४७ ते १८५२ या काळात बांधणारे अभियंते सर आर्थर कॉटन यांनी अशी कल्पना मांडली की, समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता व वर्धा या नद्यांतून थेट वऱ्हाड-नागपूरच्या कापूस पिकविणाऱ्या भागापर्यंत नौका नेता येतील. कॅप्टन हेग यांनी या मार्गाची पाहणी केली व पुढे कामाची जबाबदारी सांभाळली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली आणि या योजनेस जोर आला. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल हेही तिचे पुरस्कर्ते होते.

अडचण होती ती खडकाळ पात्राची. या मार्गात तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते. पहिला अडथळा दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावती संगमाच्या खाली इंचमपल्ली येथे, आणि तिसरा प्राणहितेत देवलमरी येथे. सिरोंचा हे दुसऱ्या व तिसऱ्या अडथळ्यांच्या मधोमध येते. खडकांना वळसा घालून कालवे, बंधारे व जलपाश बांधण्याचे काम सुरू झाले. परंतु हिवताप, मजुरांची टंचाई, पावसाळ्यातील महापूर व उन्हाळ्यातील कोरडे पात्र यांनी काम रेंगाळले आणि खर्च वाढत गेला.

दरम्यान १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागला. जलमार्गाचे प्रयोजनच उरले नाही आणि १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आले. त्याच वर्षी वरोरा येथील सरकारी कोळसा खाणीचे काम सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांतच वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला. वरोऱ्याची खाण १९०६ पर्यंत चालली. नदीने समुद्राकडे जाऊ पाहणारा व्यापार अशा रीतीने वरोऱ्याच्या स्थानकाकडे वळला. वर्धेच्या वरच्या भागात भरभराट झाली आणि त्याच प्रवाहाच्या खालच्या टोकास असलेले सिरोंचा मागे पडले. पुढे १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास लोहमार्ग अखंड झाला. परंतु तोही नदीच्या पश्चिमेकडून, मंचेरियालमार्गे गेला. सिरोंचास रेल्वे कधीच मिळाली नाही.

एखाद्या गावाचा उत्कर्ष किंवा ऱ्हास पुष्कळदा त्या गावातील माणसांच्या कर्तृत्वापेक्षा दळणवळणाच्या निर्णयांवर अवलंबून असतो. हे निर्णय शेकडो कोस दूर घेतले जातात. वरोरा व सिरोंचा ही याची जोडीने शिकविण्यासारखी उदाहरणे आहेत.

सीमा सरकत गेल्या

जलमार्ग सोडून दिल्यानंतर तीनच वर्षांत, म्हणजे १८७४ मध्ये, अपर गोदावरी जिल्हा मोडण्यात आला. भद्राचलम व रेकपल्ली हे तालुके मद्रास इलाख्याच्या गोदावरी जिल्ह्यास जोडले गेले. उर्वरित भाग सिरोंचा तहसील म्हणून चांदा जिल्ह्यात समाविष्ट झाला. जिल्ह्याचे ठाणे तहसिलीचे ठाणे झाले. १९०७ मध्ये नुगूर, आलबाका व चेर्ला हेही तालुके मद्रास इलाख्याकडे गेले. सिरोंचाचा दक्षिणेकडील मुलूख संपला आणि गाव प्रांताच्या अगदी कडेला आले.

त्यानंतरचा क्रम थोडक्यात असा आहे. स्वातंत्र्यापूर्वी सिरोंचा मध्यप्रांत व वऱ्हाडात, नदीपलीकडचा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि इंद्रावतीपलीकडचा प्रदेश बस्तर संस्थानात होता. १९४८ मध्ये बस्तर संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनुसार विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पलीकडे आंध्र प्रदेश अस्तित्वात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला व सिरोंचा त्यात गेले. १ नोव्हेंबर २००० रोजी पूर्वेकडील शेजारी मध्य प्रदेशाऐवजी छत्तीसगड झाला. २ जून २०१४ रोजी दक्षिणेकडील शेजारी आंध्र प्रदेशाऐवजी तेलंगणा झाला. २०१६ मध्ये तेलंगणाने आपल्या जिल्ह्यांची फेररचना केली, तेव्हा सिरोंचासमोरचे आदिलाबाद व करीमनगर हे जुने जिल्हे जाऊन तेथे मंचेरियाल व जयशंकर भूपालपल्ली हे जिल्हे आले.

गाव एका जागी स्थिर राहिले. त्याच्या भोवतालचे प्रांत, जिल्हे आणि कचेऱ्या मात्र बदलत राहिल्या. साठ-सत्तर वर्षांच्या वृद्धाने आपल्या एका आयुष्यात शेजारच्या राज्याची दोन-दोन नावे ऐकलेली आहेत. सामान्य माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, नदीपलीकडे सोयरिकीला जाताना तोच घाट, तीच नाव. परंतु दाखला, शिधापत्रिका किंवा जमिनीचा उतारा काढताना कचेरी वेगळी, भाषा वेगळी आणि नियमही वेगळे.

नावेचा काळ

एकविसाव्या शतकाचे पहिले दशक संपेपर्यंत सिरोंचाहून पलीकडे जाण्याचे मुख्य साधन नाव हेच होते. काळेश्वराच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू, मंचेरियालच्या बाजारास जाणारे व्यापारी, वारंगळ किंवा करीमनगरच्या रुग्णालयात जाणारे रुग्ण, सारे घाटावर येऊन नावेची वाट पाहत. उन्हाळ्यात पात्र आटे, तेव्हा वाळू तुडवीत बरेच अंतर चालून मग उरलेला प्रवाह ओलांडावा लागे. पावसाळ्यात प्राणहिता दुथडी भरून वाहू लागली की नावा बंद होत. गोदावरी खोऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश क्षेत्राचे पाणी एकटी प्राणहिता आणते, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या पुराचे स्वरूप ध्यानात येईल. त्याच वेळी आलापल्लीकडील रस्त्यावरचे नाले भरून तोही मार्ग अडे. अशा दिवसांत सिरोंचा हे अक्षरशः बेट होई.

गर्भवती स्त्री, सर्पदंश झालेला शेतकरी, परीक्षेस निघालेला विद्यार्थी यांच्या दृष्टीने नावेची वेळ हा जीवनमरणाचा किंवा वर्ष वाया जाण्याचा प्रश्न असे. जिल्ह्याचे रुग्णालय दोनशे किलोमीटरवर आणि परराज्यातील रुग्णालय त्याहून पुष्कळ जवळ, परंतु मध्ये नदी, अशी ही कोंडी होती.

याच नदीपात्रातून १९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातील नक्षलवादी गटांनी या भागात प्रवेश केला. अरण्य, दुर्गमता आणि दोन राज्यांच्या पोलिसांच्या हद्दींमधील दुरावा यांचा त्यांनी लाभ घेतला. त्यानंतरची चार दशके येथील प्रशासनास व नागरिकांस या हिंसाचाराची झळ सोसावी लागली. रस्ते, पूल व दूरध्वनी यांची कामे रेंगाळण्यामागे हेही एक प्रमुख कारण होते.

पूल झाले, पुढे काय?

डिसेंबर २०१६ मध्ये सिरोंचा व काळेश्वर यांना जोडणाऱ्या गोदावरीवरील मोठ्या पुलाचे उद्‌घाटन झाले. साकोली, वडसा, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा या मार्गाने येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३५३-क या पुलावरून तेलंगणात भूपालपल्लीकडे जातो. निजामाबादहून मंचेरियालमार्गे जगदलपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६३ हाही सिरोंचा येथूनच जातो. त्यासाठी प्राणहितेवर कोटापल्ली मंडलाच्या बाजूस, आणि इंद्रावतीवर पातागुडम व छत्तीसगडातील तिमेड यांच्या दरम्यान पूल झाले. या तीन पुलांमुळे सिरोंचा हे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन महामार्गांचे चौफुलीचे ठिकाण बनले. जलमार्गाच्या रूपाने जे साधले नाही, ते दीड शतकानंतर रस्त्याच्या रूपाने साधले.

पुलांचे लाभ उघड आहेत. रुग्णास रात्रीअपरात्री पलीकडे नेता येते. धान, कापूस व मिरची यांना जवळची बाजारपेठ मिळते. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्कर मेळा भरला, तेव्हा सिरोंचाच्या घाटावर परराज्यांतील भाविक मोठ्या संख्येने येऊ शकले. बारा वर्षांपूर्वीच्या, म्हणजे २०१० च्या पुष्कराच्या वेळी हे पूल नव्हते.

तथापि पुलामुळे काही नवे प्रश्नही उद्भवले. जड वाहनांची वर्दळ वाढली, परंतु आलापल्ली-सिरोंचा रस्त्याची स्थिती त्या मानाने सुधारली नाही. त्यामुळे आपल्याच जिल्ह्याच्या ठाण्यास जाण्यापेक्षा परराज्यातील शहरास जाणे सोपे, असा विरोधाभास निर्माण झाला. मुलांच्या उच्च शिक्षणाचा, औषधोपचाराचा आणि खरेदीचा ओघ दक्षिणेकडे वळला. शासकीय कामासाठी मात्र उत्तरेकडेच जावे लागते. एका बाजूस पोट आणि दुसऱ्या बाजूस कचेरी, अशी ही ओढाताण आहे.

नदीचे पाणी कोणाचे?

सीमेवरील नदी ही जशी वाट, तशीच ती पाण्याचा समाईक साठाही असते. गोदावरीच्या पाण्यासंबंधी १९७५ पासून संबंधित राज्यांत करार झाले आणि १९८० मध्ये बच्छावत लवादाचा निवाडा आला. त्यात इंचमपल्ली येथील संयुक्त प्रकल्पाचा विचार होता. जलमार्गाचा दुसरा अडथळा म्हणून ओळखले गेलेले इंचमपल्ली ते हेच. बुडिताच्या प्रश्नामुळे हा प्रकल्प उभा राहिला नाही.

पुढे प्राणहितेवर तुम्मिडीहेट्टी येथे बंधारा बांधण्याची योजना आंध्र प्रदेश शासनाने आखली. तिच्या उंचीस महाराष्ट्राने बुडिताच्या कारणावरून हरकत घेतली. तेलंगणाच्या निर्मितीनंतर या योजनेची फेरआखणी झाली आणि काळेश्वर उपसा सिंचन प्रकल्पासाठी संगमाच्या खाली मेडिगड्डा येथे बॅरेज बांधण्याचे ठरले. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही राज्यांत करार होऊन मेडिगड्ड्याची जलपातळी १०० मीटर निश्चित करण्यात आली. सुमारे १.६ किलोमीटर लांबीच्या आणि ८५ दरवाजांच्या या बॅरेजचे २१ जून २०१९ रोजी उद्‌घाटन झाले. त्याचे डावे टोक सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ महाराष्ट्राच्या भूमीवर टेकलेले आहे.

बॅरेजवरून जाणारा रस्ता हा दोन राज्यांना जोडणारा आणखी एक मार्ग ठरला. परंतु काठच्या शेतकऱ्यांना त्याची वेगळी बाजूही अनुभवावी लागली. जुलै २०२२ च्या महापुरात तालुक्यातील नदीकाठची गावे खाली करावी लागली. शेतात पाणी शिरणे, काठ खचणे, जमिनीच्या संपादनाचा व मोबदल्याचा प्रश्न यांसाठी शेतकऱ्यांनी आंदोलने केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजच्या एका भागातील खांब खचले. साठविलेले पाणी सोडून द्यावे लागले व वरील वाहतूकही थांबवावी लागली. ज्या प्रकल्पाचे सिंचन एका राज्यात आणि काठ दोन राज्यांत असतो, त्याच्या बाबतीत पूर्वसूचना, मोजणी व भरपाई यांची यंत्रणा दोन्ही राज्यांनी मिळून उभारली नाही, तर त्याचा भार सीमेवरच्या शेतकऱ्यावर पडतो, हा या घटनांचा बोध आहे.

मिरचीची वाट

सीमेवरच्या उताराचा सर्वांत मोठा उपयोग मजूर करतात. धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील हजारो शेतमजूर कुटुंबे तेलंगणातील खम्मम, वारंगळ या भागात मिरची तोडणीस जातात. मजुरीचा काही भाग रोख आणि काही भाग मिरचीच्या रूपाने मिळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर ही मंडळी परत येतात. वर्षाच्या खर्चाची तोंडमिळवणी पुष्कळदा याच मजुरीवर होते.

२५ मार्च २०२० रोजी करोना साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हे मजूर मिरचीच्या शेतांवर होते. काम थांबले, वाहने थांबली आणि सीमेवरील नाकी बंद झाली. अनेकांनी मुलाबाळांसह अरण्यातून पायी वाट धरली. पूल उभे असूनही बंद होते. म्हणून कित्येकांनी जुन्या उताराने नदी पार केली. पुढे दोन्ही बाजूंच्या प्रशासनाने तपासणी, भोजन व वाहनांची व्यवस्था करून टप्प्याटप्प्याने लोकांना गावी पोहोचविले. परंतु आरंभीच्या दिवसांत एक मूलभूत उणीव स्पष्ट झाली. कोणत्या गावाचे किती लोक, कोणत्या मुक्कामी, कोणाच्या शेतावर आहेत, याची नोंद बहुतेक ठिकाणी उपलब्ध नव्हती. नाव नोंदलेले नसलेला माणूस संकटात शोधणे कठीण असते.

गावपातळीवर करण्याजोगे

वरील विवेचनातून पंचायतींनी व गावातील कर्मचाऱ्यांनी घ्यावयाचे काही धडे स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट नोंदीची. हंगामी कामासाठी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत असावी. कुटुंबातील माणसे व मुले, जाण्याचे ठिकाण, मुकादमाचे नाव, संपर्काचा क्रमांक आणि परतण्याचा अपेक्षित महिना एवढी माहिती पुरेशी आहे. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ही नोंदवही वाचून पूर्ण करता येईल. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.

दुसरी गोष्ट शिध्याची. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यास आता आपल्या शिधापत्रिकेवर अन्य राज्यांतही धान्य उचलता येते. ही माहिती जाणाऱ्या मजुरांना निघण्यापूर्वी दिली गेली पाहिजे, आणि शिधापत्रिकेशी आधार क्रमांक जोडलेला आहे की नाही, हे गावातच तपासून दिले पाहिजे.

तिसरी गोष्ट मुलांच्या शाळेची. पालकांसमवेत गेलेले मूल तीन-चार महिने शाळेबाहेर राहते आणि परत आल्यावर मागे पडते. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, अशा मुलांना गावी ठेवून त्यांच्या भोजनाची व अभ्यासाची सोय लावण्याचा प्रयत्न मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांनी मिळून करावा. जे मूल जाणारच, त्याच्यासोबत शाळेचा दाखला व झालेल्या अभ्यासाची नोंद द्यावी.

चौथी गोष्ट पुराच्या सूचनेची. नदीकाठच्या गावांत उंचावरील सुरक्षित जागा, तेथे जाण्याची वाट आणि दवंडी देण्याची जबाबदारी ही पावसाळ्यापूर्वीच ठरलेली असावी. पलीकडच्या तीरावरील पंचायतीशी थेट संपर्क ठेवल्यास वरच्या कचेरीतून सूचना येईपर्यंतचा वेळ वाचतो. नदीच्या दोन्ही तीरांवरील लोक एकमेकांना ओळखतात. या ओळखीचा उपयोग प्रशासनाने करून घेतला पाहिजे.

वर्गात हा विषय कसा मांडावा

सिरोंचासारख्या गावाचा अभ्यास इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व भाषा या चारही विषयांत उपयोगी पडतो. इयत्ता सातवी-आठवीच्या वर्गात शिक्षकांनी नकाशावर वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या नद्या आधी काढून घ्याव्यात. त्यानंतर १८६०, १८७४, १९०७, १९५६, १९८२, २००० आणि २०१४ या वर्षांच्या सीमा निरनिराळ्या रंगांनी आखाव्यात. नद्या त्याच राहतात आणि रंग बदलत जातात, हे विद्यार्थ्यांना एका दृष्टिक्षेपात समजते.

दुसरा उपक्रम गावांच्या नावांचा आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या पंचक्रोशीतील पंचवीस गावांची नावे लिहून त्यांची अंत्यपदे वेगळी करावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यांचा अर्थ विचारावा. वरोरा भागातील मुलांना गोंडी व मराठी नावे मिळतील, सिरोंचा भागातील मुलांना तेलुगू व गोंडी. दोन्ही शाळांनी या याद्या एकमेकींना पाठविल्यास एकाच नदीच्या दोन टोकांची ओळख होईल. घरी तेलुगू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलास या पाठाच्या वेळी आपली भाषा वर्गाच्या उपयोगी पडते असा अनुभव येतो. मराठी शिकण्याची त्याची भीड त्यामुळे कमी होते.

तिसरा उपक्रम मुलाखतीचा. नावेच्या काळातील घाट कोठे होता, नाव कोण चालवीत असे, पुराच्या वेळी काय करीत, याची माहिती सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. पूल झाल्यावर नावाड्यांपैकी बहुतेकांचा व्यवसाय गेला. त्यांच्याजवळ नदीच्या पात्राचे, उताराच्या जागांचे व पुराच्या खुणांचे जे ज्ञान आहे, ते लिहून ठेवले पाहिजे. २०२० मध्ये पूल बंद असताना लोकांना वाट दाखविली ती याच ज्ञानाने.

२०१५ मध्ये सिरोंचास नगरपंचायत झाली. गावाच्या दोन्ही अंगांनी महामार्ग गेले आहेत आणि तिन्ही दिशांना पूल आहेत. एके काळी जिल्ह्याचे ठाणे असलेल्या या गावाची गरज आता मोठी नाही. दोनशे किलोमीटरचा रस्ता बारमाही होणे, तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर असणे, आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसास त्याच्या भाषेत उत्तर मिळणे, एवढे झाले तरी सीमेवरच्या नागरिकास आपण राज्याच्या कडेला आहोत असे वाटणार नाही.